वाचकांचे प्रश्न : घरातल्या झाडांवरची भुरी

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पानांवर दिसणाऱ्या पांढऱ्या भुकटीविषयी आहेत. झाडे निरनिराळी असली तरी दुखणे एकच असल्यामुळे सदराची सगळी जागा या वेळी त्यालाच दिली आहे. लांब पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : खिडकीशी ठेवलेल्या बेगोनियाच्या पानांवर पिठासारखे गोल पांढरे डाग आले आहेत. ओल्या फडक्याने पुसले की जातात, पण आठवड्याभरात पुन्हा दिसतात. ही धूळ आहे, पाण्यातला क्षार आहे, की रोग?

उत्तर : पुसल्यावर जाणे आणि काही दिवसांनी त्याच पानावर, बहुधा आधीपेक्षा मोठ्या वर्तुळात, परत येणे ही भुरी या बुरशीजन्य रोगाची सर्वांत भरवशाची खूण आहे. धूळ सगळ्या पानांवर सारखी बसते. क्षाराचे डाग पाण्याचा थेंब जिथे सुकला तिथेच उरतात, त्यांची कड मधल्या भागापेक्षा अधिक पांढरी असते आणि लिंबाचा रस किंवा व्हिनेगर मिसळलेल्या पाण्याचा बोळा फिरवला की ते विरघळतात. पिठ्या ढेकूण असेल तर भुकटी पसरलेली नसून कापसाचे पुंजके पानाच्या बगलेत आणि शिरांलगत दडलेले आढळतात, आसपास चिकटपणा असतो आणि काडीने पुंजका उचकटला तर आत मऊ किडा सापडतो. लाल कोळी या रस शोषणाऱ्या बारीक किडीने केलेले फिकट ठिपके पानाच्या पेशींतच असल्याने ते पुसले जात नाहीत. काही मांसल पानांच्या झाडांवर उपजतच मेणाचा पांढुरका लेप असतो. तो पानभर एकसारखा असतो आणि बोटाने निघाला तर त्या जागी सहसा पुन्हा धरत नाही. हा लेप रोग समजून घासून काढणारे वाचक दरवर्षी भेटतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

शंका राहिलीच तर दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग घ्यावे आणि पान उजेडात तिरपे धरावे. भुरी असल्यास डागाच्या मध्यापासून चहूकडे गेलेले बारीक धागे दिसतात आणि त्यांवर बीजाणूंच्या, म्हणजे बुरशीच्या बियांसारख्या सूक्ष्म कणांच्या, उभ्या साखळ्या, एखाद्या बारीक लवेसारख्या, उठून दिसतात. धूळ आणि क्षार यांच्यात धागा कधीच नसतो. डाग जुना झाला की त्याच्या खालची पेशी पिवळी आणि मग तपकिरी पडते, आणि काही वेळा त्यात डोळ्यांना जेमतेम दिसतील असे काळे कण तयार होतात. ती या बुरशीची टिकाऊ फळे होत.

मात्र भुकटी दिसण्याची वाट पाहणे म्हणजे उशीर करणे होय. अनुकूल हवेत बीजाणू पानावर पडल्यापासून नवे बीजाणू उडू लागेपर्यंत साधारण पाच ते सात दिवस लागतात आणि त्यातले पहिले काही दिवस पान निरोगीच भासते. गुलाबासारख्या झाडावर पांढरे दिसण्याआधी कोवळी पाने किंचित वेडीवाकडी होतात आणि कडेने वर वळतात. कलांचोसारख्या जाड पानांवर तर पांढरा रंग नजरेत भरतच नाही, त्याऐवजी खपलीसारखे तपकिरी चट्टे पडतात आणि ते उन्हाने भाजल्याचे समजून लोक झाड सावलीत हलवतात. भुरीला तेच हवे असते.

प्रश्न : पानांवर पाणी पडू नये याची मी काटेकोर काळजी घेतो. कुंडीत फक्त बुंध्याशी पाणी घालतो. तरी भुरी कशी येते?

उत्तर : बहुतेक बुरशीजन्य रोगांच्या बाबतीत पान कोरडे ठेवण्याचा सल्ला योग्य असतो, परंतु भुरी त्याला अपवाद आहे. हिच्या बीजाणूंमध्ये स्वतःचा पाणीसाठा भरपूर असल्यामुळे त्यांना रुजण्यासाठी पानावर पाण्याचा थर लागत नाही. उलट पाणी साचलेल्या पानावर ते नीट रुजत नाहीत आणि अनेकदा फुटून जातात. म्हणूनच मुसळधार पावसात उभ्या असलेल्या झाडांवर भुरी कमी आणि छपराखालच्या झाडांवर अधिक दिसते. तिला हवी असते ती दमट आणि स्तब्ध हवा, 20 ते 25 अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान आणि मंद उजेड. घरातली खोली या तिन्ही गोष्टी वर्षभर पुरवते.

आपण ज्याला कोरडी खोली म्हणतो ती रात्री कोरडी राहत नाही, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. दिवसा 25 अंशांना आर्द्रता 60 टक्के असलेली खोली घेऊ. खिडकी-दार बंद असताना रात्री तापमान 18 अंशांवर उतरले, तर हवेतली वाफ तितकीच राहूनही सापेक्ष आर्द्रता 90 टक्क्यांच्या वर जाते, कारण थंड हवेत वाफ धरून ठेवण्याची क्षमता कमी असते. शिवाय झाडांनी आणि ओल्या मातीने दिवसभर सोडलेली वाफ वेगळीच. त्यामुळे दुपारी आर्द्रतामापकावर पाहिलेला आकडा आपली फसवणूक करतो. कमाल आणि किमान नोंद ठेवणारा मापक झाडांच्या पानांच्या उंचीवर, दाटीच्या आत ठेवावा आणि सकाळी उठल्यावर आधी रात्रीचा आकडा वाचावा. तो 70 च्या वर वारंवार जात असेल, तर औषधाची बाटली शोधण्यापूर्वी हवेचा विचार करावा लागेल.

यावर उपाय साधेच आहेत, पण ते रोज करावे लागतात. पाणी संध्याकाळी न घालता सकाळी घालावे, म्हणजे मातीची वरची ओल रात्रीपर्यंत उडून जाते. कुंड्यांमध्ये एवढे अंतर ठेवावे की एका झाडाचे पान दुसऱ्याला टेकणार नाही, आणि आतली दाट पाने विरळ करावीत. पंखा झाडांवर थेट रोखू नये. तो भिंतीकडे किंवा छताकडे तोंड करून असा लावावा की पाने जेमतेम हलतील, आणि तो रात्रीही चालू ठेवावा. दिवे लावून झाडे वाढवणारे बरेच जण दिव्यांबरोबर पंखाही बंद करतात आणि नेमक्या धोक्याच्या तासांत हवा थांबवतात. नत्राचे खत सढळ हाताने दिल्यास कोवळी, रसाळ पाने भराभर येतात आणि बहुतेक झाडांवर भुरीला तीच सर्वाधिक आवडतात. घरातल्या मंद उजेडातल्या झाडाला बाहेरच्या झाडाइतके खत मुळी लागतच नाही.

प्रश्न : खायचा सोडा, दूध, कडुनिंबाचे तेल आणि गंधक असे चार उपाय वेगवेगळ्या लोकांनी सांगितले. खरा कोणता?

उत्तर : चौघांतही तथ्य आहे, मात्र चौघांचीही मर्यादा एकच आहे. ते पानाच्या ज्या भागाला लागतात तेवढेच राखतात. परवा उमललेल्या पानाला गेल्या आठवड्यातली फवारणी ठाऊक नसते. म्हणून कोणताही उपाय निवडला तरी पानाच्या दोन्ही बाजू भिजवणे आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा फवारणे याला पर्याय नाही. पाणी पानावरून घरंगळून जाऊ नये म्हणून मिश्रणात स्टिकर (द्रावण पानाला चिकटवणारा पदार्थ) किंवा सौम्य द्रव साबणाचे काही थेंब घालावेत, आणि संपूर्ण झाडावर मारण्याआधी एका पानावर मारून दोन दिवस थांबावे.

फवारणीच्या आधीचे काम अधिक मोलाचे आहे. पंखा बंद करावा, जास्त बाधित पाने हळूच पिशवीत धरून पिशवीतच कापावीत आणि तोंड बांधून घराबाहेर टाकावीत. पांढरे पान झटकत खोलीतून नेणे म्हणजे बीजाणू स्वतःच्या हाताने पेरणे आहे. एका वेळी झाडाची तिसऱ्या भागाहून अधिक पाने मात्र काढू नयेत.

आता चारही उपायांविषयी. खायचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, एक लिटर पाण्यात सुमारे 5 ग्रॅम या प्रमाणात चालतो, पण त्यातले सोडियम कुंडीच्या मर्यादित मातीत साठत जाते आणि पानांच्या कडा भाजतात. त्याच प्रमाणात पोटॅशियम बायकार्बोनेट मिळाले तर ते निःसंशय सरस आहे, कारण ते बुरशीच्या धाग्यांना लागताच त्यांना सुकवते आणि मागे जे उरते ते झाडाला उपयोगी पडणारे पालाश असते. दुधाचा उपाय ऐकायला आजीबाईंच्या बटव्यातला वाटला तरी तो तपासला गेलेला आहे. ब्राझीलमधील संशोधक वागनर बेतिओल यांनी काचघरातील झुकिनीवर केलेले प्रयोग 1999 मध्ये प्रसिद्ध झाले आणि एक भाग दूध व नऊ भाग पाणी या आसपासच्या प्रमाणात दर आठवड्याला केलेल्या फवारणीने भुरी चांगली आटोक्यात राहिल्याचे त्यांत दिसले. बंद खोलीत आंबट वास आणि पानांवर चढणारी दुसरीच बुरशी यांची तयारी असेल तर जरूर करावे. माझ्या मते दूध हे बाल्कनीचे औषध आहे, शयनगृहाचे नाही. कडुनिंबाचे तेल लिटरला 5 मिलिलिटर, साबणाने नीट फेसाळून, दिवे मंद असताना फवारावे. बेगोनिया आणि आफ्रिकन व्हायोलेट यांसारख्या लवदार पानांवर तेल टाळलेलेच बरे.

गंधक यांत सर्वांत जुने. इंग्लंडमध्ये मार्गेट येथे एडवर्ड टकर या माळ्याला 1845 मध्ये काचघरातील द्राक्षवेलींवर ही भुकटी आढळली आणि त्याने गंधक व चुन्याच्या पाण्याने ती हटवली. पुढच्या दशकात हाच रोग फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांवर कोसळला तेव्हाही गंधकानेच ते वाचवले. पाण्यात मिसळणारे 80 टक्क्यांचे गंधक लिटरला 2 ग्रॅम घेतले तर आजही उत्तम प्रतिबंध करते. मात्र तापमान 30 अंशांच्या वर असताना ते पाने जाळते, आणि तेलाची फवारणी झाली असेल तर पुढे-मागे दोन आठवडे गंधक वापरू नये. काकडीवर्गातील काही वाणांना ते मुळातच सोसत नाही. काचघरांत गंधक तापवून त्याची वाफ पसरवणारी यंत्रे वापरतात. माणसे राहतात त्या घरात ती कदापि लावू नयेत, कारण गंधक जरा जास्त तापले की श्वसनमार्गाला जाचणारा सल्फर डायऑक्साइड तयार होतो. जंतुनाशक अतिनील दिव्यांविषयीही विचारणा झाली आहे. रात्रीच्या अंधारात अतिनील किरण दिल्यास भुरी दबते हे खरे आहे, कारण उजेडातील निळ्या किरणांअभावी बुरशीला झालेली इजा दुरुस्त करता येत नाही. परंतु हेच किरण डोळ्यांना आणि त्वचेला इजा करतात, तेव्हा तो प्रयोग प्रशिक्षित हातांतच राहू द्यावा.

जैविक पर्यायांत बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू बुरशी पसरण्याआधी फवारल्यास उपयोगी ठरतो, तर अँपेलोमायसिस क्विस्क्वालिस ही चक्क भुरीवरच वाढणारी बुरशी आहे. दोन्ही सजीव असल्याने त्यांच्या मागेपुढे गंधक किंवा अन्य बुरशीनाशक मारले तर पैसे वाया गेले असे समजावे.

प्रश्न : मी राहतो त्या देशात प्रौढांना घरी गांजाची मोजकी झाडे लावण्याची कायद्याने मुभा आहे. दिव्यांखाली वाढवलेली माझी झाडे फुलोऱ्यात आहेत आणि पानांवर पांढरेपणा दिसतो. तो राळेचा आहे की भुरीचा, आणि आता काय फवारू?

उत्तर : कायदा देशोदेशी वेगळा असल्याने आपण तो पाहिलाच असेल असे धरून केवळ झाडाविषयी लिहितो. फुलोऱ्यात आणि फुलांलगतच्या लहान पानांवर राळेच्या ग्रंथी असतात आणि दुरून त्या साखरेसारख्या चमकतात. तीस ते साठपट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली प्रत्येक ग्रंथी सुटी, देठावर गोल डोके असलेली आणि पारदर्शक किंवा दुधी दिसते. भुरी चमकत नाही. ती मळकट पांढरी, एकमेकांत गुंतलेल्या धाग्यांची आणि पसरट असते, शिवाय राळ जिथे जवळजवळ नसते त्या मोठ्या खालच्या पानांवर आणि देठांवरही ती चढते. म्हणून निदान फुलावर करू नये, झाडाच्या आतल्या सावलीतल्या मोठ्या पानावर करावे. या झाडावर प्रामुख्याने गोलोव्हिनोमायसिस या प्रजातीची भुरी आढळते, आणि हॉप्स (बिअरमध्ये वापरला जाणारा वेल) हे गांजाचे जवळचे नातेवाईक असल्यामुळे हॉप्सवरची भुरीही त्याला लागू शकते.

फवारणीविषयी माझे उत्तर निराश करणारे आहे : फुलोरा आल्यावर फुलांवर काहीही फवारू नये. जे फवाराल ते फुलातच राहील, आणि या वनस्पतीचा उपयोग बहुधा जाळून किंवा तापवून होत असल्यामुळे पोटात जाणाऱ्या पदार्थांचे सुरक्षिततेचे निकष येथे लागू पडत नाहीत. मायक्लोब्युटॅनिल हे फळबागांमध्ये भुरीसाठी सर्रास वापरले जाणारे आंतरप्रवाही (झाडाच्या आत भिनणारे) बुरशीनाशक याचे ठळक उदाहरण आहे. ते तापवले की हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू निर्माण होतो. कॅनडात 2016-17 च्या सुमारास परवानाधारक उत्पादकांच्या मालात त्याचा अंश सापडल्याने माल बाजारातून परत मागवावा लागला होता. शोभेच्या झाडाच्या बाटलीवर भुरीचे नाव छापले आहे एवढ्यावरून ती इथे वापरणे धोक्याचे आहे. तेल आणि गंधक यांचा वास व अंशही फुलांत टिकून राहतो.

आपल्या हातात उरते ते असे : बाधित पाने वर सांगितल्याप्रमाणे काढावीत, आतली दाटी मोकळी करावी, आर्द्रता दिवसरात्र 50 टक्क्यांच्या आसपास आणावी आणि दिवे बंद असतानाही हवा खेळती ठेवावी. ज्या फुलांवर प्रत्यक्ष बुरशी चढली आहे ती टाकून द्यावीत. वाळवल्याने भुरीचे धागे आणि बीजाणू नाहीसे होत नाहीत, आणि बुरशीयुक्त धूर श्वासावाटे घेणे दम्याच्या किंवा रोगप्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसासाठी विशेषतः घातक ठरू शकते. पुढच्या खेपेला पोटॅशियम बायकार्बोनेट किंवा बॅसिलस यांची फवारणी झाड केवळ पानांवर असतानाच उरकावी, अर्थात तेथील नियमांत ते बसत असेल तर.

आपल्या पत्रात ‘रोग झाडाच्या रसातच भिनला असल्याने झाड उपटावे का’ असेही विचारले आहे. ही समजूत फार पसरली आहे, पण ती बरोबर नाही. ही भुरी पानाच्या पृष्ठभागावर राहते आणि बाह्यत्वचेच्या पेशींमध्ये तेवढी शोषकांगे (अन्न शोषणारे अवयव) रोवते. ती झाडाच्या नसांमधून फिरत नाही. पुसूनही परत येते याचे कारण, न दिसणारे धागे कळ्यांच्या खवल्यांत आणि पानांच्या बगलांत शिल्लक असतात.

प्रश्न : घरातल्या मिरचीच्या रोपाची पाने वरून पिवळी डागाळली आहेत आणि खालून पांढरट आहेत. हा केवडा की भुरी?

उत्तर : केवडा म्हणजे डाउनी मिल्ड्यू हा वेगळा रोग. मिरचीवर ही बहुतांशी भुरीच असते, फक्त वेगळ्या घराण्यातली. लेव्हेइलुला नावाची ही बुरशी इतर भुरींप्रमाणे पानावर न पसरता पर्णरंध्रांतून (पानावरच्या सूक्ष्म छिद्रांतून) आत शिरते, पानाच्या आत वाढते आणि बीजाणू सोडण्यासाठी खालच्या बाजूने बाहेर डोकावते. त्यामुळे वरून पुसण्यासारखे काही नसते आणि वरवरची फवारणीही फारशी पोचत नाही. केवड्याची वाढही पानाच्या खालून होते, परंतु ती करडी-जांभळट असते, डाग शिरांच्या चौकटीत अडकून कोनाकृती दिसतात आणि पान ओले राहिल्याशिवाय केवडा येत नाही. आपल्या रोपावर फुले-फळे धरण्यास वेळ असेल तर पिवळी पाने गळण्यापूर्वीच तोडावीत आणि उरलेल्या पानांना खालच्या बाजूने गंधकाची फवारणी करावी.

प्रश्न : गुलाबावर भुरी आहे. शेजारच्या काकडीच्या वेलाला ती लागेल का?

उत्तर : नाही. गुलाबाची भुरी पोडोस्फेरा पॅनोसा या बुरशीची, काकडीवरची त्याच कुळातल्या वेगळ्या बुरशीची. दोन्हींना एकाच वेळी भुरी आली तर ती एकमेकांकडून आलेली नसून दोघांनाही सारखीच दमट हवा मिळाल्याची ती खूण आहे. काकडीची भुरी दुधीभोपळ्याला मात्र खुशाल लागते.

प्रश्न : भुरीने झाड गेले. कुंडी आणि माती टाकून द्यावी का? आणि त्या खोलीत नवे झाड कधी आणावे?

उत्तर : माती टाकण्याचे कारण नाही. भुरी जिवंत झाडावरच जगते. मातीत किंवा मेलेल्या पानावर तिची वाढ होत नाही आणि हवेत उडणारे बीजाणू फार दिवस तगत नाहीत. वर सांगितलेली काळी फळे तेवढी गळलेल्या पानांत टिकून राहू शकतात, म्हणून कुंडीतला पालापाचोळा, खिडकीच्या खोबणीत पडलेली पाने आणि पंख्याच्या पात्यांवरची धूळ स्वच्छ करावी, कात्री स्पिरिटने पुसावी आणि खोली दोनेक आठवडे झाडांविना ठेवावी.

नव्या झाडाबाबत अधिक सावध राहण्याची गरज आहे, कारण घरात भुरी बहुतेकदा विकत किंवा भेट आलेल्या रोपाबरोबर अथवा मित्राने दिलेल्या फाटे कलमाबरोबर येते. असे रोप इतरांपासून दूर, शक्यतो वेगळ्या खोलीत, तीन आठवडे ठेवावे, पाणी घालताना त्याचा क्रम शेवटी लावावा आणि दर दोन-तीन दिवसांनी त्याच्या सर्वांत खालच्या पानांची मागची बाजू भिंगाखाली पाहावी.